पुढून बाळमास्तर, मागून श्यामला

मी पेटी बोलतेय. कपड्यांची नव्हे, दागिन्यांची नव्हे, बाजाची. शिकलेले लोक मला हार्मोनियम म्हणतात आणि म्हणताना उगाच मान ताठ करतात. मला दोन्ही चालतं. पण मी बोलायला लागले की मधे कुणी तोंड घातलेलं चालत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या बोटांखाली बोलले. आज कुणाचंही बोट न लागता बोलतेय, तेव्हा नीट ऐका.

माझं अंग सागाचं. भाता पुठ्ठ्याचा नि बकऱ्याच्या कातड्याचा. पोटातले सूर बोटीतून आलेल्या परदेशी पितळेचे. मुंबईतल्या एका गाळ्यात एका गुजराती सुताराने मला जोडलं आणि गोव्याकडच्या एका माणसाने तोंडात विडी धरून माझे सूर लावले. म्हणजे मी जन्मतःच मिश्र. संगीतातली मिसळामिसळ म्हणजे काय हे मला कुणी पुस्तक उघडून सांगायला येऊ नये. मला कुणी शिकवलं नाही. भोकं पाडली, वारा भरला नि सोडून दिलं. बाकीचं मी कान उघडे ठेवून शिकले, आणि जे शिकले ते चोख शिकले.

मला विकत घेतलं नानांनी. पेणच्या पुढे जिते गावात त्यांची भातशेती. दिवेलागणीला हातपाय धुऊन ते मला समोर घ्यायचे. त्यांचा मुलगा बाळ. त्याला शिकवायला पेणहून मास्तर यायचे. धाकटी श्यामला. तिला पेटी शिकवायची नाही असं नाना कधी म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच पडली नाही. कुणाच्या डोक्यातच ते आलं नाही. बाळची शिकवणी चालायची तेव्हा श्यामला समोर बसून वाल सोलायची.

समोर म्हणजे कुठे? तर माझ्या पाठीमागे, भात्याच्या बाजूला. पोरीने मला पाहिलं ते कायम तिकडून. तिला वाटलं, हीच पेटीची पुढची बाजू. दुपारी घर रिकामं झालं की ती यायची, भात्याकडे मांडी ठोकायची, एका हाताने भाता स्वतःकडे ओढायची आणि दुसरा हात माझ्या डोक्यावरून पलीकडे टाकून पट्ट्या चाचपायची. उंच सूर डावीकडे, खालचे उजवीकडे, सगळा उलटा कारभार. आणि तशी ती वाजवायला शिकली. नुसती नव्हे, झकास!

बाळने एकदा पाहिलं आणि पोट धरून हसला. "शामे, उलटी बसलीस."

"तू उलटा बसतोस," ती म्हणाली.

आज ती ऐंशीच्या पुढे आहे. अजून हेच म्हणते.

त्याच दिवसांत माझ्या पोटात एक उंदीर राहायला आला. त्याचं पुढे सांगते. त्याला मान द्यायची वेळ अजून आलेली नाही.

पुढे श्यामला लग्न होऊन रोह्याला गेली आणि बाळ पेणला शाळेत मास्तर झाला. नानांनी जाण्याआधी माझी वाटणी सणांवर टाकली. नारळी पौर्णिमेला श्यामलेने राखी बांधायला यायचं ते मला घेऊन. गणपतीत मी पेणला. मग भाऊबीजेला बाळने मला रोह्याला न्यायचं आणि ओवाळणी म्हणून माझी किल्ली तिच्या ताटात टाकायची. पुढची नारळी पौर्णिमा येईपर्यंत मी रोह्याची. अशी मी दोन गावांची सून झाले. कुठल्याही सुनेला इतक्या वेळा सासर बदलावं लागलं नसेल.

आता त्या दोन रचनांचं सांगते, कारण सगळी आग तिथूनच लागली.

गेल्या शतकात सगळ्यांनाच मिसळायची खोड लागली होती. नाटकवाल्यांनी चर्चमधला ऑर्गन उचलून आणला. सिनेमावाल्यांनी ढोलकीच्या मांडीला मांडी लावून व्हायोलिनं बसवली. लग्नात सनईवाल्याच्या शेजारी ट्रंपेटवाला गाल फुगवून उभा. मग आमचे बाळमास्तर कसे मागे राहतील? त्यांनी पेणच्या विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी एक रचना बांधली. सुरुवातीला नाट्यगीत, त्याच्यात विरघळवलेला विलायती वॉल्ट्झ, आणि शेवटी बँडचा मार्च. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. दादरा ताल आपलाच, पण मास्तरांनी त्याला बूट घातले. ऐकायला अमृत! फक्त एक गोष्ट मास्तर विसरले. माणसाला पाय दोन असतात आणि ठोके होते तीन. गणपती खांद्यावर घेतलेली माणसं कोणता पाय कुठे टाकावा या विचारात एकमेकांच्या पायांत अडकली. मूर्ती अशी डुलली की रस्त्याच्या दुतर्फा लोकांनी हात जोडले ते भक्तीने की भीतीने, कळलं नाही. तेव्हापासून पेणमध्ये त्या रचनेचं नाव पडलं, 'मास्तरांचं डुलणं.'

श्यामला मागे राहणारी नव्हे. कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमी गावात कव्वाली व्हायची, ती पाण्यावरून तिच्या मागच्या दारी यायची. रेडिओवर कुठलंसं जॅझ लागायचं. तिने सकाळची भूपाळी घेतली, तिला कव्वालीच्या टाळ्या लावल्या आणि मधेच जॅझचा असा एक झटका दिला की माझ्या पट्ट्या शहारल्या. हे तिने वाजवलं कुठे, तर हळदीकुंकवाला. बायकांना टाळी आवरेना. हातात करंडे आणि टाळीचा जोर. सगळं कुंकू हवेत! त्या दिवशी घरी गेलेली प्रत्येक बाई होळी खेळून आल्यासारखी दिसत होती. रोह्यात त्याला म्हणतात, 'वहिनींची टाळी.'

दोन्ही माझ्यावर बांधल्या गेल्या. तुलना करायचा हक्क असेल तर तो माझा. मास्तर घोटतात. सगळं एका पातेल्यात घालून इतकं घोटतात की नाट्यगीत कुठे संपलं नि वॉल्ट्झ कुठे लागला हे सापडत नाही. श्यामला घोटत नाही. ती सगळ्यांना एका पंगतीत बसवते आणि भांडा म्हणते. भूपाळी कव्वालीकडे डोळे वटारते, जॅझ मधेच उठून वाढायला लागतो. कोणतं मोठं? माझं उत्तर मी शेवटी देईन. पण मला कुणी विचारलं नाही. विचारलं ते अनन्याला.

अनन्या श्यामलेची नात. पुण्यात संगीत शिकते. तिने विसाव्या शतकातल्या अशा मिश्र रचनांच्या तुलनेवर निबंध लिहिला आणि आज्जीला नि बाळआजोबांना खूश करावं म्हणून दोघांच्याही रचना त्यात घातल्या. बिचारी! गणपतीत सगळे पेणला जमले असताना तिने तो मोठ्याने वाचला.

"बाळआजोबांच्या रचनेत शैली एकजीव होतात. आजीच्या रचनेत त्या शेजारी शेजारी बसतात."

"शेजारी शेजारी म्हणजे?" श्यामला म्हणाली. "एसटीत बसल्यासारख्या?"

"आजी, हा दोष नाहीये गं. वर्गीकरण आहे."

"वर्गीकरण पापडांचं करतात."

इथे बाळमास्तर हसले.

"हसतोस काय रे?"

"हसलो नाही. ठसका लागला."

"उकडीच्या मोदकाचा ठसका?"

मास्तरांनी तेव्हा गप्प राहावं की नाही? पण जन्मभर शाळेत बोलायची सवय. ते म्हणाले, "शामे, एकजीव करायला जरा शिक्षण लागतं."

श्यामलेने पिशवी उचलली. दारात वळून म्हणाली, "या भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळीन."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात त्या भाऊ नसलेल्या बायका. हट्टाकट्टा भाऊ समोर बसलेला असताना हे म्हणणं म्हणजे त्याला जितेपणी फोटोत घालून हार चढवणं.

मास्तरांनी माझं झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि मला अडगळीच्या खोलीत नेऊन टाकलं. पलीकडच्या भिंतीला लागून गणपतीचा कारखाना. गणपती गावोगावी निघून गेलेले, उरलेले काही मातीचे उंदीर पाठ फिरवून रांगेत बसलेले. मी अंधारात. कुणी विचारायला नाही. मला एकच भीती. दोघंही थकलेत, या भांडणात भाऊबीज हुकली तर पुन्हा ती जुळायची नाही आणि मी याच खोलीत वाळवीच्या पोटात जाईन.

अबोला सुरू झाला. निरोप जायचे ते पुष्करमार्फत. पुष्कर मास्तरांचा नातू, रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत इंजिनिअर, राहायला अष्टमीला. शिफ्ट संपली की दोन्हीकडची बोलणी खायची, हा त्याचा ओव्हरटाइम.

"सांग तिला, पेटी एकजीव करणाऱ्याकडेच राहील."

"सांग त्याला, एकजीव तर चिखलही असतो."

शेवटी पुष्करचं डोकं उठलं. तो म्हणाला, "आमच्या कंपनीत दोन द्रव नीट मिसळले की नाही यावर कुणी वाद घालत बसत नाही. आम्ही ढवळणं थांबवतो नि वाट बघतो. मिसळले नसतील तर थर पडतो. तुमच्या दोघांच्या रचना लोकांसमोर वाजवा. रात्रभर ठेवा. सकाळी लोकांच्या तोंडात कुणाची चाल खाली बसलीय ते मी बघतो."

तुम्ही म्हणाल, हे काय संगीताचं परीक्षण झालं? मीही तेच म्हणाले, कुलपाआडून. पण बाळ आणि श्यामला दोघांनाही ते एकदम पटलं. दोघांनी मिळून अटही घातली: जो हरेल त्याने पेटीला पुन्हा हात लावायचा नाही. मेला तरी नाही. जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं ते यावर.

पाडव्याच्या संध्याकाळी अष्टमीच्या मंगल कार्यालयात मला मांडलं. दिवाळीची सुट्टी, त्यात चहा-फराळ ठेवलेला, माणसं चिक्कार. पहिल्या रांगेत आवडी बसली होती. आवडी ही जित्याच्या वाडीवरची, श्यामलेच्या बरोबरीची. लहानपणी नानांच्या शेतावर कामाला असायची, आता लेकीकडे नदीकाठच्या वाडीत राहते. गाणं ऐकायला आले असं तिने कुणाला सांगितलं नाही. चकली खायला आले असंच सांगितलं.

आधी मास्तर बसले. उजवा हात अजून लोण्यासारखा, पण डावा कापतो. भाता ओढताना वारा तुटायचा. तरीही वॉल्ट्झ लागला आणि सगळं सभागृह डावीउजवीकडे डुलायला लागलं. प्लास्टिकच्या खुर्च्या कुरकुरल्या. एका गृहस्थांची तर मागच्या मागे गेली.

मग श्यामला आली. तिने मला दोन्ही हातांनी धरून फिरवलं आणि भात्याच्या बाजूला बसली. माइकवाला गोंधळला. मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, उलट्या बसलात!"

"तुम्ही उलटे बसलायत!" ती गरजली.

आणि काय सांगू, तिच्या आवाजात असा हुकूम होता की अर्ध्या सभागृहाने खरंच खुर्च्या फिरवल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसलं. आवडी चिडली. "गो बाय, पयल्या रांगेत होते, मला शेवटल्या रांगेत टाकलीस!"

श्यामलेचे सांधे सुजलेत, बोटं चुकत होती. पण भात्याचा हात अजून जात्यावरचा. टाळी सुरू झाली आणि भिंतीकडे तोंड केलेली माणसंही भिंतीला टाळ्या द्यायला लागली. त्या टाळ्यांच्या धडाक्यात मला पोटात काहीतरी हुळहुळल्यासारखं झालं. वाटलं, आनंद असेल.

भाऊबीजेच्या सकाळी पुष्कर पुलावर जाऊन उभा राहिला. कोण काय गुणगुणतंय ते मोबाइलवर भरून घेत होता. दूध घालणारा, मासळीची टोपली घेऊन निघालेली बाई, हितेश रिक्षावाला. नदीकाठी एक म्हातारा गुळण्या करत होता, पुष्करने त्याच्याही गुळण्या भरल्या. दुपारी तो श्यामलेच्या ओटीवर आला. एका कोपऱ्यात श्यामला, दुसऱ्या कोपऱ्यात बाळमास्तर, मधे अनन्या, आणि झोपाळ्यावर आवडी. ती उरलेली चकली न्यायला आली होती. मी मधोमध, कुलूपबंद.

"थर पडलाय," पुष्कर म्हणाला. "पण घोळ आहे."

त्याने मोबाइल लावला. दूधवाला: टीं-टां-टिं-टूं. मासळीवाली: टीं-टां-टिं-टूं. हितेश हॉर्नवर तेच. म्हाताऱ्याच्या गुळण्याही तेच. चार सुरांचं एक शेपूट, वर चढून झपकन खाली येणारं.

"हे माझं," मास्तर उठून उभे राहिले. "वॉल्ट्झ संपून मार्च लागतो, त्याच्या मधे!"

"तुझं? माझ्या टाळीत जॅझनंतर येतं ते काय आहे मग?"

"म्हणजे तू चोरलंस!"

"तू चोर! तुझा बाप..." इथे श्यामलेला आठवलं की बाप एकच आहे. ती थांबली.

अनन्याने हळूच विचारलं, "पण तुम्हाला ते सुचलं कसं?"

मास्तर म्हणाले, "शेतावर भात लावताना आवडी म्हणायची."

"आवडीच म्हणायची," श्यामला पुटपुटली.

सगळ्यांच्या माना झोपाळ्याकडे वळल्या. आवडी चकली मोडत होती.

"माझ्याकडं काय बघताव? माझं नाय ते."

"मग कुणाचं?"

"तुमच्या पेटीचं! नाना वाजवायचं थांबले ना, का ही पेटी आपली आपण चार सूर बोलायची. मी अंगणात सूप घेऊन पाखडीत असायची. ते सूर ऐकू आले का सूप झटकायचं. भात उडवायला लय बरं पडायचं. नाना म्हनायचे, आवडे, पेटी डुलकी घेतेय. मी म्हनायची, डुलकी नाय, उचकी हाय."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. श्यामला माझ्याकडे बघायला लागली. पुण्याची संगीतातली पदवी घ्यायला निघालेली अनन्या माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी आता उठून नमस्कार करणार.

आता त्या उंदराला मान द्यायची वेळ आली.

नाना पट्ट्यांवरून बोटं उचलायचे तेव्हा भात्यात थोडा वारा उरलेला असायचा. एवढा वेळ माझ्या कंठाशी जीव मुठीत धरून बसलेला उंदीर, आवाज थांबला रे थांबला की बिळाकडे धूम ठोकायचा. जाताना त्याचे पाय नेहमीच्याच वाटेने पडायचे, आतून सुरांच्या भोकांवरची चार झाकणं उचलली जायची, चार सूर वाजायचे. रोज. तीच वाट, तेच सूर. त्याने ना नाट्यगीत ऐकलं होतं, ना जॅझ. त्याला फक्त घरी जायचं होतं. ते आवडीने सुपात झेललं, बाळने बूट घालून मिरवलं, श्यामलेने टाळीवर नाचवलं आणि आज सगळं रोहा-अष्टमी त्यावर गुळण्या करतंय. विसाव्या शतकातली सगळ्यांत टिकाऊ मिश्र रचना कुणाची, असं मला कुणी विचारावं, मी छाती फुगवून सांगेन. छाती म्हणजे भाताच, पण फुगवेन.

पण मला विचारतंय कोण!

पुष्करने नियम काढला. "थर दोघांचाही पडला, आणि तो दोघांचाही नाही. म्हणजे दोघंही हरलात. अटीप्रमाणे पेटीला हात कुणीच लावायचा नाही."

मास्तरांचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

"मग पेटीचं काय?" अनन्या म्हणाली. "पुण्यात एका संग्रहालयात विचारू? काचेत नीट राहील."

काचेत! भाता न ओढता, खाली पाटी, वर दिवा! माझ्या अंगाला घाम फुटला. सागाला फुटतो तसा.

"आवडीला द्या," श्यामला म्हणाली.

"नको गो बाय. मग तुमी दोघं रोज माझ्या दारात भांडाय येल. माझ्या कोंबड्या घाबरतील."

उन्हं कलली. श्यामलेने उठून ताट केलं. निरांजन, सुपारी, अक्षता, करंजी. ताट घेऊन ती भावाच्या अंगावरून, त्याच्याकडे न बघता, अंगणात गेली. बोलली होती तसं करायलाच निघाली. ओवाळणार होती चंद्राला.

मास्तर बसून राहिले. भाऊबीजेला बहिणीच्या ओटीवर बसलेला भाऊ आणि बहीण अंगणात चंद्र शोधतेय. माझ्या डोळ्यांना हे बघवेना. मला डोळे नाहीत हे खरं, पण असते तरी बघवलं नसतं.

आता बीजेचा चंद्र तो केवढा? नखाच्या कडेएवढा. तोही अंधार पडायच्या आत बुडून जातो. त्यात श्यामलेला मोतीबिंदू. ताट धरून ती इकडे बघतेय, तिकडे बघतेय. पश्चिमेला झाडं, त्यांच्यावर कंपनीच्या धुराड्याचा धूर.

"पुष्कर, चंद्र कुठाय रे?"

पुष्करला दिसेना. अनन्याला दिसेना. निरांजनातलं तूप संपत आलं.

शेवटी मास्तर उठले. चपला न घालताच अंगणात उतरले आणि बहिणीच्या मागे जाऊन उभे राहिले.

"तिकडे नाही शामे. धुराड्याच्या डावीकडे बघ."

"माझ्या डाव्या, की तुझ्या?"

"तुझी कुठली डावी, ते देवाला माहीत! माझ्या बोटाकडे बघ. हे नारळाचं झाड. त्याच्या खाली धूर. धुराच्या खाली…"

"बोट हलतंय तुझं."

"हलणारच. म्हातारा झालोय."

"मग दुसऱ्या हाताने धर तो हात!"

त्याने एका हाताने दुसरा हात धरला. तिला चंद्र दिसला नाहीच. तिला दिसलं ते कापरं बोट, आपल्या जागी ओवाळायच्या चंद्राकडे नेम धरून ताटकळत राहिलेलं. ती ताटासकट वळली.

"नाही सापडत मेला," ती म्हणाली. "तूच उभा राहा. हलू नकोस, वात विझेल."

आणि तिथेच, अंगणात, अनवाणी भावाला तिने ओवाळलं. टोपी घरात राहिलेली, म्हणून अनन्याने पळत जाऊन स्वतःची ओढणी त्यांच्या डोक्यावर टाकली. जांभळ्या ओढणीतले बाळमास्तर. त्यांनी कमरेला हात घातला आणि माझी किल्ली ताटात टाकली.

"ही कशाला?" श्यामला म्हणाली. "मला हात लावायची बंदी आहे."

"मलाही आहे."

"मग उघडायची कुणी?"

"आणा हिकडं," आवडी झोपाळ्यावरून उतरली. "मी कुठं हरलेय?"

तिने चकलीचे हात पदराला पुसले, किल्ली घेतली आणि माझं कुलूप उघडलं. मी श्वास घेतला. अट गेली चुलीत, मास्तर पुढून बसले, श्यामला मागून. दोघांनीही एकमेकांना 'उलटा बसलास', 'उलटी बसलीस' असं म्हणून घेतलं. मास्तरांच्या डाव्या हाताला भाता ओढवेना, म्हणून तो श्यामलेने आपल्याकडे ओढला. तिची बोटं पट्ट्यांवर चुकायला लागली, तिथे मास्तरांची धावली. त्यांनी 'डुलणं' वाजवायला घेतलं, तिने 'टाळी'. एकाच वेळी, एकाच पेटीवर, दोन टोकांनी. तीन ठोके नि चार ठोके अंगणात एकमेकांना धडकत होते, वॉल्ट्झ कव्वालीच्या पायावर पाय देत होता, भूपाळी मार्च करत होती. आवडी सूप झटकल्यासारखे हात झटकत होती. शास्त्रात हे कुठे बसत असेल तर मला दाखवा. एकजीव नव्हतं आणि शेजारी शेजारीही नव्हतं. माझं उत्तर हेच. कोणतं मोठं ते ठरवायला ती वेगळी वाजवावी लागतात, आणि मला आता ती वेगळी ऐकायची नाहीत.

मग दोघंही दमून एकदम थांबले. भात्यात थोडा वारा उरला होता.

टीं-टां-टिं-टूं.

कुणाचंच बोट पट्टीवर नव्हतं. सगळे दचकले. मी मात्र दचकले नाही. पेणच्या अडगळीत, मातीच्या उंदरांच्या शेजारी, दिवाळीपर्यंत मी एकटी नव्हते हे मला तेव्हा कळलं.

आता मी रोह्यालाच आहे. मास्तर आठवड्याला पेणहून गाडीने येतात, कारण एकट्याने मला वाजवणं दोघांच्याही हातात राहिलेलं नाही. दर वेळी नवं भांडतात. अनन्याने निबंधात एक प्रकरण वाढवलंय आणि त्या चार सुरांच्या कर्त्याच्या जागी 'अज्ञात' लिहिलंय. अज्ञात कसला! त्याचा खापरपणतू माझ्या पोटात कापूस कुरतडतोय.

पुष्कर परवा म्हणत होता, पेटी आतून उघडून साफ करून घेऊ. त्याला कुणीतरी आवरा. मी म्हातारी झाले, माझं फार काही मागणं नाही. मला पॉलिश नको, नवा भाता नको, काच तर नकोच नको. फक्त या घरात मांजर आणू नका. आणि वाजवून झालं की लगेच झाकण लावू नका. थोडा वारा उरू द्या. अजून एकाला घरी जायचं असतं.